फळ्यावरची शांती

प्रति,
माननीय पाळकसाहेब, चर्च कमिटीचे अध्यक्ष, सेक्रेटरी व सर्व सभासद,
तसेच तरुण संघ आणि भगिनी मंडळ यांस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

मागच्या रविवारी उपासना सुटली आणि मी नेहमीप्रमाणे व्हरांड्यातल्या फळ्यापाशी थांबलो. वर रंगीत खडूने चांदणी काढली होती. शब्बाथ शाळेच्या मुलींनी काढली असावी, कारण तिचा एक कोपरा घाबरत घाबरत ओढलेला दिसत होता. चांदणीखाली ठळक अक्षरांत यंदाच्या नाताळचा विषय : ‘पृथ्वीवर शांती’. आणि त्याखाली पांढऱ्या खडूने, दुसऱ्या हाताच्या घाईच्या अक्षरात दोन ओळी. नाताळच्या काळात मंडळीत कोणीही जुने विषय काढू नयेत. सर्वांनी शांतता राखावी.

छत्तीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये फळे लिहिले. ‘शांतता राखा’ मीही शेकडो वेळा लिहिले असेल. त्यामुळे एक गोष्ट अनुभवाने सांगतो. वर्गात सगळ्यात गाढ शांतता कधी असते? मारका मास्तर दारात उभा असतो तेव्हा. तेवढ्या वेळात मागच्या बाकावर कोणी कोणाची पाटी फोडलेली असते, कोणाचा डबा खाल्लेला असतो, आणि ज्याचा डबा गेला तोही गप्प असतो. बाहेरून जाणाऱ्या साहेबाला वाटते, काय शिस्तीचा वर्ग आहे!

फळ्यावर वरची ओळ देवदूतांची आहे आणि खालची कमिटीची. दोन्हींत एकच गोष्ट सांगितली आहे असे आपल्याला वाटते, हेच माझे दुखणे आहे. कमिटीच्या बैठकीत मी हा विषय तीनदा काढून पाहिला. तिन्ही वेळा ‘पत्रिकेवर नाही’ असे उत्तर मिळाले. म्हणून हे उघड पत्र. कोणाचे नाव घेणार नाही. गावाला नावे ठाऊक आहेत आणि बाहेरच्यांना त्यांची गरज नाही.

आधी गेल्या वर्षीची 24 तारीख आठवा. रात्री साडेनऊला आपण गाणी म्हणत निघालो. पुढे ट्रॅक्टर, ट्रॉलीत जनरेटर, दोन स्पीकर, कापडाची मोठी चांदणी, आणि कडेला पाय सोडून बसलेली वीस-बावीस पोरे-पोरी. मी मधोमध ढोलकी घेऊन बसलो होतो. रेव्हरंड टिळकांची पदे झाली, ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतसंग्रहातली झाली, पोरांची नवी गाणी झाली. प्रत्येक दारी थांबायचे, एक गाणे, एक प्रार्थना, फराळाचे ताट, पुढे. वस्तीच्या टोकाला मावशींचे घर आले. त्यांनी अंगण सारवले होते, रांगोळीने चांदणी काढली होती, आणि उंबऱ्याशी स्टीलचा डबा ठेवून त्या उभ्या होत्या. पदर डोक्यावरून नीट घेतलेला.

ट्रॅक्टर थांबला नाही.

हळूही झाला नाही. आमच्या ट्रॉलीवरचा हॅलोजन त्यांच्या भिंतीवरून सरकत गेला, क्षणभर त्यांच्या तोंडावर आला आणि पुढे गेला. आत गाणे चालूच होते, आणि गाणे शांतीचेच होते. ट्रॅक्टर ज्यांचा, त्यांचे आणि मावशींचे बोलणे नाही, हे ट्रॉलीतल्या प्रत्येकाला माहीत होते. ‘थांबवा’ एवढा एक शब्द म्हणायचा होता. मी ढोलकी वाजवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रीतिभोजन झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डबा उघडून करंज्या पुढे केल्या. म्हणाल्या, “मास्तर, गाणं आलं बरं का ऐकू. लांबनं लई ग्वाड वाटतं.”

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरे वाटले असते.

ज्यांना मूळ प्रकरण पुसट आठवत असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सामाईक विहीर, तीन वाटेकरी, पाळ्या ठरलेल्या. मावशींचे दीड एकर विहिरीपासून दोनशे पावलांवर, पण मधे आपल्या कमिटीतल्या एका सभासदाची पट्टी. त्यांना मी भाऊ म्हणतो, इथेही भाऊच म्हणेन. त्या पट्टीच्या कडेने बांधावरून पायवाट होती. मावशींचे सासरे त्या वाटेने जात, नवरा जाई, त्याच्या मागे त्या जात. चार वर्षांपूर्वी भाऊंनी ट्रॅक्टर घालताना बांध कोरला, वाट नांगरात गेली आणि त्यावर तारेचे कुंपण आले. आता मावशींना मोटार चालू करायची तर ओढ्याकडून, उसाच्या कडेने, फिरून जावे लागते. जवळजवळ एक किलोमीटर. शेतीची लाइट आठवड्यातून निम्मे दिवस रात्रीची असते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि आपल्या भागातल्या उसात बिबट्या असतो हेही. साठी ओलांडलेली बाई हातात बॅटरी घेऊन, तोंडाने मोठ्याने स्तोत्र म्हणत जाते. भक्तीने म्हणते तसे जनावराला चाहूल लागावी म्हणूनही म्हणते. हे तिने स्वतः मला हसत सांगितले.

लूकच्या शुभवर्तमानात देवदूत कोणाकडे आले? रात्री रानात जागून कळप राखणाऱ्यांकडे. यंदाच्या नाटिकेत मेंढपाळ कोण होणार यावर तरुण संघात चर्चा चालू आहे असे ऐकतो. आपल्या मंडळीत रात्री रानात जागणारे माणूस कोण, याचा विचार त्या निमित्ताने झाला तर बरे.

आता कमिटीचा भाग. वाट मोडली तेव्हा मावशी तहसीलला जायला निघाल्या होत्या. मामलेदार कोर्ट कायदा 1906 सालचा, पण अजून चालतो. त्याच्या पाचव्या कलमाखाली वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. वकील लागतोच असे नाही. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज जायला हवा. कमिटीतले चौघे त्यांच्या घरी गेले. हातात पवित्र शास्त्र होते. करिंथकरांस पहिले पत्र, सहावा अध्याय वाचून दाखवला : विश्वासणाऱ्यांनी एकमेकांविरुद्ध कोर्टात जाऊ नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा. वर म्हणाले, “मावशी, नाताळ जवळ आला आहे. मंडळीची शोभा होईल. जरा दमानं घ्या.”

मावशींनी दमाने घेतले. नाताळ गेला, शुभ शुक्रवार गेला, पुनरुत्थानाचा रविवार गेला, आणि सहा महिनेही गेले.

तो अध्याय मी त्या रात्री घरी पूर्ण वाचला. सातव्या वचनात सोसण्याचे आहे, खरेच आहे. पण पाचव्यात ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लाज वाटावी म्हणून विचारतो की भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय? आणि आठव्यात म्हणतो की उलट तुम्हीच अन्याय करता, नाडता, आणि तेही आपल्या भावांना. कोर्टात जाऊ नका असे पौल म्हणतो, ते मंडळी स्वतः निवाडा करील या हिशेबाने. आपण मावशींचे कोर्ट बंद केले आणि आपले उघडलेच नाही. सातवे वचन त्यांच्या पदरात टाकले, पाचवे आणि आठवे आपल्या खिशात ठेवले.

आता थोडे शब्दाविषयी. मास्तरकी जात नाही, त्याला इलाज नाही.

आपण नगरकडचे ख्रिस्ती लोक भेटलो की ‘सलाम’ म्हणतो. ‘नमस्कार’ म्हणणारे शेजारी कधी कधी विचारतात, हे कुठून आले? पत्राच्या शेवटी पौल ‘अमक्याला सलाम सांगा, तमक्याला सलाम सांगा’ म्हणतो, ते आपल्या मराठी शास्त्रातही तसेच आहे. अरबी सलाम आणि इब्री, म्हणजे हिब्रू, शालोम एकाच धातूची लेकरे. येशूची आई त्याला झोपवताना ज्या भाषेत बोलली असेल, तीही याच घराण्यातली. म्हणजे शांतीला आपल्याकडे दोन शब्द आले : एक संस्कृतातून शांती, दुसरा सलामच्या रूपाने शालोम. पहिला आपण फळ्यावर लिहितो आणि दुसरा दिवसातून वीस वेळा तोंडाने म्हणतो, अर्थ न पाहता.

संस्कृतातल्या ‘शम’मध्ये निवणे आहे, विझणे आहे. म्हणून तर आपण दिवा शांत झाला म्हणतो, माणूस शांत झाला म्हणतो. शब्द सुंदर आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण इब्री शालोमच्या पोटात आहे पुरे असणे, धड असणे, काही उणे नसणे. आणि त्याच धातूचे एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ भरून देणे. पंडिता रमाबाई पवित्र शास्त्राचा मराठी अनुवाद करण्यासाठी केडगावला बसून इब्री आणि ग्रीक शिकल्या. मला तेवढे कुठले जमणार! पण निवृत्तीनंतर शब्दकोश घेऊन जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाचे दोन अध्याय मी अक्षर अक्षर लावत वाचले. एकविसावा आणि बाविसावा. तिथे दहा आज्ञांचा मेघगर्जनेसारखा थाट नाही. तिथे बैल आहेत, मेंढरे आहेत, खड्डे आहेत, आग लागलेले पीक आहे. आपल्या ग्रामपंचायतीपुढे येतात तसलीच प्रकरणे.

कोणी खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात दुसऱ्याचा बैल पडला, तर खड्ड्याच्या मालकाने भरून द्यावे. कोणी आपले जनावर दुसऱ्याच्या शेतात चरू दिले, तर आपल्या शेतातल्या उत्तमातून भरून द्यावे. उत्तमातून, हे लक्षात घ्या. किडका कांदा बाजूला काढून देऊ नये. चोरून कापलेल्या एका मेंढराला चार, एका बैलाला पाच. आणि या प्रत्येक ठिकाणी ‘भरून द्यावे’साठी शालोमच्या घरातलाच शब्द आहे. मोशेच्या शास्त्रात शेजाऱ्याच्या जमिनीची खूण सरकवू नको अशी वेगळी आज्ञा आहे, आणि सरकवणाऱ्याला शाप आहे. बांध कोरण्याचे पाप आपल्या तालुक्यात जन्मले असे नाही!

नव्या करारात जकातदार जक्कय झाडावरून उतरला तेव्हा काय म्हणाला? ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट देतो. मेंढराचा दर. मग येशू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. जक्कयने भजन म्हटल्याची नोंद नाही.

तर देवदूतांनी बेथलेहेमच्या रानात जी शांती गायली, ती या जातीची. लूकने ग्रीकमध्ये लिहिले, पण त्याच्या मागे हा जुना शब्द उभा आहे. तुटलेले जोडले जाणे, गेलेले परत मिळणे, देणेकऱ्याने देणे. आणि ते म्हणाले ‘पृथ्वीवर’. आपल्या गावात पृथ्वी म्हणजे गुंठे, बांध आणि पाण्याची पाळी. दुसरी पृथ्वी आपल्याकडे नाही.

त्या काळी शांती सांगणारा आणखी एक होता, हे विसरू नये. लूक त्याच्याच नावाने अध्याय सुरू करतो : रोमचा बादशहा कैसर औगुस्त, ज्याने नावनिशी लिहिण्याची आज्ञा काढली. स्पेन आणि गॉल ताब्यात घेऊन तो परतला तेव्हा रोममध्ये त्याच्या नावाने शांतीची वेदी बांधायचे ठरले. संगमरवरी, नक्षीदार, इ.स.पू. 9 मध्ये ती अर्पण झाली, आजही रोममध्ये पाहायला मिळते. त्याच सुमारास आशिया मायनरमधल्या गावांनी त्याचा जन्मदिवस म्हणजे जगासाठी सुवार्तेची सुरुवात, असे दगडावर कोरून घेतले आणि त्याला तारणारा म्हटले. सुवार्ता, तारणारा, शांती. तिन्ही शब्द राजवाड्याचे होते. देवदूतांनी ते तिन्ही उचलले आणि गोठ्यातल्या बाळाला दिले. कैसराच्या शांतीत कोणी आवाज काढत नसे, कारण आवाज काढणाऱ्यांचे काय होते ते रस्त्याच्या कडेला वधस्तंभांवर दिसे. हेरोद राजालाही बेथलेहेमात शांतताच हवी होती. त्याने ती तान्ही बाळे मारून कशी आणली ते मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. नाटिकेतून आपण तो भाग दरवर्षी गाळतो. मुले घाबरतात म्हणून.

यिर्मया संदेष्ट्याने आपल्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना याच शब्दावरून झोडपले होते. माझ्या लोकांची जखम हे वरवर बरी करतात, शांती शांती म्हणतात आणि शांती तर कुठेच नाही. सहावा अध्याय. जखमेत पू तसाच ठेवून वरून पट्टी बांधली की काय होते, ते आपल्यातल्या कोणाही नर्सबाईला विचारा. मिशन हॉस्पिटलात नोकरी केलेल्या तिघी-चौघी मंडळीत आहेत.

क्षमेचा मुद्दा निघणार, हे मला ठाऊक आहे. मागच्या वेळीही निघाला. भावाला सत्तर वेळा सात क्षमा कर, असे येशू म्हणाला. त्याच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात, त्या वचनाच्या अगोदर, येशूने रीतही सांगितली आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांग. ऐकले नाही तर दोघे साक्षीदार ने. तरी नाही तर मंडळीला सांग. मावशींनी पहिले केले, दुसरे केले (त्या दोघांत एक मी होतो), आणि तिसरे करायला आल्या तेव्हा आपण त्यांना ‘पत्रिकेवर नाही’ म्हणालो. क्षमा मावशींची आहे. ती त्यांनी द्यावी, न द्यावी, कधी द्यावी हा त्यांचा आणि देवाचा प्रश्न. कमिटीने ती वर्गणीसारखी वसूल करू नये. खरे सांगू? मला वाटते त्यांनी ती केव्हाच दिली आहे. त्या करंज्यांचा डबा ट्रॅक्टरवाल्यासाठीही होताच ना. क्षमा देऊन झाली तरी रात्री दीडला ओढ्याकडून जावेच लागते, एवढेच.

येशू डोंगरावर आणखी एक बोलला होता. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तिथे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. शब्द नीट पाहा. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असे तो म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. म्हणजे चालत जायचे ते अपराध करणाऱ्याने. आपण उलटे केले. ज्या बाईचे गेले तिच्याच दारी चार वेळा गेलो आणि ज्याने घेतले त्याच्याकडून नाताळच्या अर्पणाचे पाकीट घेतले.

आता भाऊंच्या बाजूने बोलले पाहिजे, नाही तर हे पत्र एकतर्फी होईल. भाऊ वाईट माणूस नाहीत. चर्चचे पत्रे वाऱ्याने उडाले तेव्हा पदरचे पैसे घालून पहिल्यांदा तेच उभे राहिले. ट्रॅक्टर दरवर्षी फुकट देतात, डिझेलसुद्धा मागत नाहीत. वाट नकाशात नाही हे त्यांचे म्हणणे खरे आहे, तलाठ्याकडे मी स्वतः पाहिले. ती फक्त वहिवाटीची. पट्टी मुळात अरुंद, ठिबकच्या नळ्या पायाखाली येतात, आणि एके वर्षी मावशींच्या शेळ्यांनी त्यांचे कांद्याचे रोप खाल्ले होते, तेही खरे. (तेव्हा निर्गमाच्या हिशेबाने मावशींनीही उत्तमातून भरून द्यायला हवे होते. मी त्यांना तसे म्हणालो. “दिलं असतं, मागितलं कुणी?” म्हणाल्या.) हे सगळे टेबलावर यायला हवे. कमिटी बसली असती तर दोन फूट वाट, कडेला ठिबकची नळी पुरून, शेळ्या दाव्याला, इतक्यात मिटण्यासारखे होते. न बोलता चार वर्षे गेली, त्यात दोघांचेही नुकसान झाले. भाऊ प्रभुभोजनाला येतात तेव्हा उजवीकडच्या रांगेत मान खाली घालून बसतात. ती मान मला दिसते. त्यांनाही ही शांतता परवडत नाही.

सरकारलासुद्धा एवढे समजते. 2023 साली राज्याने ‘सलोखा’ नावाची योजना काढली. याची जमीन त्याच्या ताब्यात, त्याची याच्या, असे बारा वर्षांहून जास्त चालले असेल तर अदलाबदलीचा दस्त हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी एवढ्यात करून देण्याची. मावशींच्या प्रकरणाला ती लागू नाही. पण गंमत पाहा, महसूल खात्याने सलोख्याचा अर्थ काय लावला? सातबाऱ्यावर नोंद. हस्तांदोलनाचा फोटो नाही मागितला.

यंदा नाताळच्या देखाव्याचा गोठा मोठा करायचे ठरले आहे असे कळले. बेथलेहेमच्या मंदिराची प्रतिकृती, थर्माकोलची. जरूर करा. फक्त त्या मंदिराच्या दोन-तीन गोष्टी मुलांना सांगा. त्याचे दार जेमतेम चार फुटांचे आहे, वाकल्याशिवाय कोणाला आत जाता येत नाही. आत, जन्म झाला म्हणतात त्या जागी, चौदा टोकांची चांदीची चांदणी आहे. 1847 मध्ये ती जागेवरून नाहीशी झाली. तिथे हक्क सांगणाऱ्या पंथांनी एकमेकांवर आरोप केले, एकाच्या मागे फ्रान्स उभा राहिला, दुसऱ्याच्या मागे रशिया, आणि क्रिमियाच्या युद्धाला जी कारणे झाली त्यांत या भांडणाचीही भर पडली. अलीकडे, 2011 च्या डिसेंबरात, ग्रीक आणि आर्मेनियन धर्मगुरू त्यांच्या नाताळसाठी मंदिर झाडत होते. कोणाचा झाडू कोणाच्या हद्दीत गेला यावरून जुंपली. झाडूंनीच मारामारी. पोलिसांना आत येऊन सोडवावी लागली. शांतीच्या अधिपतीच्या पाळण्यापाशी, हद्दीवरून! तेव्हा भाऊ आणि मावशी यांनी फार वाईट वाटून घेऊ नये, फार मोठमोठ्या लोकांची संगत आहे.

आणि 2023 चा नाताळ. गाझात युद्ध चालू होते. यरुशलेमच्या मंडळ्यांच्या प्रमुखांनी झगमगाट नको म्हणून कळवले, बेथलेहेमात उत्सव झाला नाही. तिथल्या लुथरन चर्चने गोठ्यात गवत घातले नाही. सिमेंटच्या तुकड्यांचा ढीग केला आणि त्यात बाळाला ठेवले. त्यांनी ‘पृथ्वीवर शांती’ अशी पाटी लावली होती की नाही, माहीत नाही. तिची गरजच नव्हती.

एक शेवटचे, आणि हे लिहिताना हात अडखळतो. अमेरिकन मिशन 1831 साली नगरला आले. आपले पूर्वज मंडळीत आले ते बरेचसे नंतर, 1876 ते 78 च्या दुष्काळाच्या आगेमागे. कोणी धान्यासाठी आले असे लोक म्हणतात, म्हणू द्या. माझी आजी सांगे की तिच्या सासऱ्याला गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते. घागर घेऊन लांब उभे राहायचे आणि कोणी वरून पाणी ओतेल याची वाट पाहायची. मिशनच्या आवारातली विहीर ही त्याने स्वतःच्या हाताने शेंदलेली पहिली विहीर. त्या माणसाची मी पणतवंडातली पिढी, आणि तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी थोड्याफार फरकाने हीच गोष्ट आहे. अशा मंडळीत, मंडळीच्याच माणसाने, मंडळीच्याच विधवेची पाण्याची वाट बंद केली, आणि मंडळीने त्यावर ‘शांतता राखा’ लिहिले. पणजोबा काय म्हणतील ते मी इथे लिहीत नाही. त्यांची भाषा मिशनमध्ये येऊनही फारशी सुधारली नव्हती.

मागणे असे आहे. या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसावी आणि हा एकच विषय पत्रिकेवर असावा. मावशींना खुर्ची द्यावी, भाऊंना खुर्ची द्यावी. वडीलधाऱ्यांतले दोघे आणि भगिनी मंडळातल्या दोघी निवाड्याला घ्याव्यात, कारण रात्री रानात जाण्याचा अर्थ पुरुषांना उशिरा कळतो. पाळकसाहेबांनी पाचवे वचनही वाचावे. ठरेल ते कागदावर यावे, सह्या व्हाव्यात, आणि जमले तर दोघांच्या संमतीने तलाठ्याकडे नोंदीसाठी द्यावे. तोवर फळ्यावरच्या खालच्या दोन ओळी पुसाव्यात. डस्टर मी आणतो.

या कामात माझे देणे आहे, तेही सांगून टाकतो. मी साक्षीदार होतो आणि सहा महिन्यांची मुदत मला माहीत होती. तहसीलच्या फेऱ्या शाळेच्या कामाने मी आयुष्यभर मारल्या. मी मावशींना ती मुदत सांगितली नाही, कारण कमिटीतल्या चौघांना वाईट वाटेल. नंतर ट्रॉलीत बसून ढोलकी वाजवली. मागच्या आठवड्यात जाऊन मी त्यांना हे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मुदतीचं राहू द्या, त्या दिशीची करंजी तेवढी तुम्ही अर्धीच खाल्ली होती.

24 तारखेला रात्री नऊ वाजता मी मावशींच्या अंगणात ढोलकी घेऊन असेन. पहिले गाणे त्यांच्या दारी होईल, मग पायी पुढे. ट्रॅक्टर आला तर उत्तम, नाही आला तर चांदणी हातात धरू, जनरेटरवाचून काही अडत नाही. ज्यांना यायचे त्यांनी यावे. गाणी झाली की त्यांच्याबरोबर विहिरीवर जायचे आहे, त्या रात्री साडेबाराला लाइट येते आणि गव्हाला पाणी द्यायचे आहे. बॅटरी आणि बूट आणा. तोवर काही ठरले नसेल तर ओढ्याकडूनच जावे लागेल, आणि तिथे चिखल असतो.

प्रभूमध्ये आपला,
मंडळीतला एक निवृत्त मास्तर